ओट्याजवळ स्क्रीन लावायचीय? आधी जागा ठरवा, मग यंत्र

‘जुना टॅब कपाटात पडून आहे, तो ओट्याजवळ लावला तर चालेल का?’, ‘लॅपटॉप बंद पडला, पण त्याची स्क्रीन चांगली आहे, तिचा छोटा टीव्ही होतो का?’, ‘फोडणीचं तेल उडून सगळं खराब तर होणार नाही ना?’ असे प्रश्न वाचक वारंवार विचारतात. बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी झालेला दिसतो. कोणतं यंत्र घ्यायचं, इथून त्यांचा विचार सुरू होतो आणि ते लावायचं कुठे, हा प्रश्न सामान घरात आल्यावर उभा राहतो.

स्वयंपाकघरात हा क्रम उलटा हवा. तेल, वाफ, उष्णता, पाणी आणि गॅस एवढं सगळं घरात एकाच खोलीत असतं. म्हणून आधी जागा नक्की करा. स्क्रीनचा आकार, चौकट, वायर आणि खर्च हे सगळं त्या जागेवरून ठरवता येतं.

१. स्क्रीन कशासाठी हवी, ते लिहून काढा

खालीलपैकी तुमचे मुख्य उपयोग कोणते? जास्तीत जास्त दोन निवडा.

- नुसतं चालू ठेवायला: बातम्या, गाणी, कीर्तन, मालिका. पोळ्या लाटताना नजर अधूनमधूनच वर जाते. इथे स्क्रीन लहान चालते, आवाज मात्र चांगला हवा.
- पाककृती बघत करायला: व्हिडिओ सारखा थांबवावा लागतो, मागे न्यावा लागतो. स्क्रीन हाताशी हवी आणि स्पर्शावर चालणारी असेल तर उत्तम.
- घराचा माहितीफलक म्हणून: कॅलेंडर, किराणा यादी, मुलांचं शाळेचं वेळापत्रक, हवामान. ती तासन्‌तास चालू राहणार, म्हणून वीज कमी खाणारी हवी.
- व्हिडिओ कॉलसाठी: कॅमेरा आणि माइक लागणार. यासाठी टॅब किंवा चालू लॅपटॉपच बरा. सुटं पॅनेल घेऊन खटपट वाढेल.

चारही कामं एकाच स्क्रीनकडून करून घ्यायचा आग्रह धरलात, तर खर्च वाढेल आणि एकही काम धड होणार नाही.

२. जागा कशी निवडाल?

- शेगडीपासून किमान १ मीटर दूर. शेगडीच्या वरची भिंत, चिमणीची बाजू आणि खाली शेगडी असलेलं कपाट या तीन जागा पूर्ण बाद. बहुतेक लॅपटॉप-पॅनेल सुमारे ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. मोठ्या आचेवर कढई असताना तिच्या वरची हवा त्याहून बरीच तापते.
- सिंकपासून किमान २ फूट. नळाचे शिंतोडे समोरच्या काचेवर पडले तर पुसता येतात. मागच्या सर्किटवर पडले तर मात्र काम संपलं.
- कुकरची वाफ जाते ती वाट टाळा. वरच्या कपाटाच्या तळाशी वाफ साठून तिथलं लाकूड ओलसर होत असेल, तर ती जागाही नको.
- फ्रिजची बाजू तपासून घ्या. बऱ्याच नव्या फ्रिजच्या बाजूच्या भिंती आतल्या नळ्यांमुळे गरम होतात. हात लावून बघा. गरम लागली तर तिथे टॅब चिकटवू नका.
- उंची उभं राहून मोजा. दिवाणखान्यातला टीव्ही आपण बसून पाहतो, इथे उभ्याने पाहणार आहोत. जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ ओट्यापाशी असते, तिच्या डोळ्यांच्या किंचित खाली स्क्रीनचा मध्य यायला हवा.
- मान वळवावी लागत असेल तर जागा बदला. हातात सुरी असताना मागे वळून बघणं धोक्याचं आहे. भाजी चिरता किंवा कणीक मळता त्या जागेच्या समोर स्क्रीन ठेवा. तळताना लक्ष कढईतच हवं.

सामान आणण्यापूर्वी एक साधी चाचणी करा. स्क्रीनच्या आकाराचा पांढरा कागद निवडलेल्या जागी आठवडाभर चिकटवून ठेवा. आठवड्याने त्यावर तेलाचे ठिपके दिसले, तो वाफेने मऊ पडला किंवा कपाटाचं दार उघडताना सारखा आड आला, तर दुसरी जागा शोधा. या चाचणीला खर्च काहीच नाही आणि पुढच्या बहुतेक तक्रारी इथेच टळतात.

३. चार पर्याय आणि कोणासाठी कोणता

पर्याय एक: जुना टॅब. सर्वांत कमी खटपटीचा. स्क्रीन, स्पीकर, वायफाय, स्पर्श सगळं आयतं मिळतं. कमकुवत बाजू एकच, ती म्हणजे बॅटरी. टॅब चोवीस तास चार्जरला लावून ठेवला आणि जोडीला स्वयंपाकघराची उष्णता असली की बॅटरी फुगण्याचा धोका वाढतो. त्यासाठी:

- टॅबच्या सेटिंगमध्ये चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती चालू करा.
- ती नसेल तर चार्जरला टायमर किंवा स्मार्ट प्लग लावा आणि चार्ज साधारण २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवा.
- टॅब भिंतीत कायमचा बंदिस्त करू नका. मागची बाजू दर महिन्याला बघता आली पाहिजे. पाठ फुगलेली वाटली किंवा काच उचललेली दिसली तर चार्जिंग त्याच क्षणी बंद करा.

पर्याय दोन: जुना मॉनिटर आणि टीव्ही स्टिक. ऑफिसातून किंवा मुलांच्या अभ्यासिकेतून निघालेला १९ ते २२ इंची मॉनिटर असेल तर हा मार्ग चांगला. मॉनिटरला एचडीएमआय जोडणी आहे का, ते आधी बघा. फक्त व्हीजीए किंवा डीव्हीआय असेल तर दोन अडचणी येतात. एक, आवाज त्या जोडणीतून येत नाही. दोन, एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण नसल्यास ओटीटी ॲप काळा पडदा दाखवतं आणि यूट्यूब मात्र चालतं. आवाजासाठी स्टिकला ब्लूटूथ स्पीकर जोडता येतो. मॉनिटरच्या मागे ७५ × ७५ किंवा १०० × १०० मिलिमीटरवर चार छिद्रं असतील, तर तयार वॉल ब्रॅकेट एम४ स्क्रूंनी थेट बसतं.

पर्याय तीन: बंद लॅपटॉपचं पॅनेल आणि कंट्रोलर बोर्ड (बाहेरून आलेलं चित्र पॅनेलला देणारं सर्किट). पातळ, हलकी, हव्या त्या चौकटीत बसणारी स्क्रीन यातून होते. हात चालवायची आवड असणाऱ्यांसाठी हा खरा ‘घरी बनवलेला’ पर्याय. पुढचा भाग मुख्यतः त्याच्यावरच आहे.

पर्याय चार: रास्पबेरी पाय. हा छोटा संगणक दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाला जोडता येतो. माहितीफलकासाठी ‘मॅजिकमिरर’ आणि घरात साठवलेली गाणी-चित्रपट लावण्यासाठी ‘कोडी’ ही मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालतात. मात्र ओटीटी बघणं हाच मुख्य उपयोग असेल तर पायच्या नादी लागू नका. प्रमाणित टीव्ही स्टिक त्याहून सोपी आणि चित्र चांगलं देणारी आहे.

४. लॅपटॉपचं पॅनेल वापरताना: पायरीपायरीने

पायरी १: पॅनेलचं वय ओळखा. साधारण २०१० पूर्वीच्या अनेक लॅपटॉपांत पडद्यामागे बारीक फ्लुरोसंट नळी असे. तिला चालवणाऱ्या इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि नळीत पारा असतो. असं पॅनेल निघालं तर या कामासाठी वापरू नका. एलईडी बॅकलाइटचंच पॅनेल घ्या.

पायरी २: लॅपटॉप उघडण्यापूर्वी बॅटरी काढा. चार्जर काढला तरी बॅटरीत वीज असतेच. स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची कडा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने हळूहळू सोडवा. पॅनेलच्या खालच्या कडेला सर्किटची अरुंद पट्टी असते. तिथे बोट दाबलं गेलं तर चित्रात उभ्या रेषा येतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत.

पायरी ३: मागचा क्रमांक पूर्ण उतरवून घ्या. पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलावर अक्षर-अंकांचा लांब क्रमांक असतो. त्याचा फोटो काढा. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक सांगून बोर्ड घेऊ नका. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपांत वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेल बसवलेली असतात.

पायरी ४: जोडणी कोणती ते बघा. जुन्या एलईडी पॅनेलांत बहुधा ४० पिनांची एलव्हीडीएस जोडणी असते, नंतरच्यांत बहुधा ३० पिनांची ईडीपी. मात्र ४० पिनांचीही ईडीपी पॅनेल आहेत. त्यामुळे नुसत्या पिना मोजून भागत नाही. क्रमांकावरून खात्री करा. दोन्हींचे बोर्ड वेगळे असतात आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

पायरी ५: बोर्ड पॅनेलनुसार तयार करून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली अशा बाजारांत किंवा ऑनलाइन हे बोर्ड मिळतात. विक्रेत्याला पॅनेलचा क्रमांक देऊन ‘याच पॅनेलचा प्रोग्रॅम टाकून द्या’ असं स्पष्ट सांगा. बोर्ड, पॅनेलची केबल, बटणांची पट्टी आणि रिमोट असला तर त्याचा सेन्सर असा पूर्ण संच मागा.

पायरी ६: व्होल्टेजचा जंपर तपासा. एलव्हीडीएस बोर्डांवर पॅनेलला किती व्होल्ट द्यायचे हे एका छोट्या जंपरने ठरतं: ३.३, ५ की १२. लॅपटॉपच्या पॅनेलांना सहसा ३.३ लागतात. जंपर चुकला तर पॅनेल जळतं आणि त्याला वॉरंटी नसते.

पायरी ७: टेबलावर चालवून बघा. वीज बंद ठेवूनच केबल जोडा. ती सरळ बसली की नाही ते उजेडात बघा, मग १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा. १५.६ इंची पॅनेल आणि बोर्ड यांना २ ते ३ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. दोन-तीन तास व्हिडिओ चालू ठेवा. बोर्डावरची चिप हात लावता येणार नाही इतकी तापत असेल, तर चौकट बंद करण्यापूर्वी तिच्यावर छोटं हीट सिंक चिकटवा.

एक गोष्ट निवडीच्या वेळीच बघा. स्वस्त टीएन पॅनेल खालून पाहिलं की काळवंडतं, रंग उलटे दिसतात. जागा डोळ्यांच्या वर असेल तर आयपीएस पॅनेलच हवं. हातातलं पॅनेल कोणतं, ते ओळखणं सोपं आहे: चालू करून वर-खाली तिरकं करून बघा.

५. चौकट: बंद हवी, पण श्वास घेणारी

- लाकूड: १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या. साधा प्लाय वाफेने फुगतो. कापलेल्या कडांना पॉलिश किंवा एज बँड लावाच. पाणी कडेतून शिरतं.
- समोरची काच: उघड्या पॅनेलचा पृष्ठभाग मऊ असतो आणि तेलकट हाताने पुसला की कायमचे डाग पडतात. समोर ४ मिलिमीटरची टफन्ड काच बसवा. ही काच नंतर कापता येत नाही, छिद्रही पाडता येत नाही. माप नक्की करूनच ऑर्डर द्या. ३८ × २४ सेंटिमीटरच्या अशा काचेचं वजन सुमारे ९०० ग्रॅम भरतं, ते धरून बिजागऱ्या आणि स्क्रू निवडा. ॲक्रेलिक हलकं पडतं, पण त्यावर ओरखडे येतात आणि उष्णतेने ते वाकतं.
- खिडकीचं माप: १५.६ इंची रुंद पॅनेलचा दिसणारा भाग सुमारे ३४४ × १९४ मिलिमीटर असतो. तरी सुतार किंवा फ्रेमवाल्याकडे जाताना पॅनेल सोबत न्या.
- हवा: छिद्रं खालच्या आणि मागच्या बाजूला ठेवा. वर ठेवली तर तेलाचा बारीक थर आणि ठिबकणारं पाणी थेट आत जाईल. छिद्रांना बारीक जाळी लावा. उबदार बोर्ड ही झुरळांची आवडती जागा असते.
- उघडण्याची सोय: मागचं झाकण स्क्रूंचं ठेवा. फेव्हिकॉल किंवा सिलिकॉनने कायमचं बंद केलं, तर ५० रुपयांची केबल बदलण्यासाठी पूर्ण चौकट फोडावी लागते.

भिंतीला छिद्र पाडणार असाल तर स्विचबोर्डाच्या किंवा नळाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत पाडू नका. आतली वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषांतून जातात. टाइलवर मास्किंग टेप लावा, टाइलची टोकदार बिट वापरा आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. वरच्या कपाटाच्या तळाला बिजागरीने टांगलेली, काम झालं की वर दुमडणारी चौकट हा त्याहून सोयीचा मार्ग. टाइलला हातच लावावा लागत नाही.

६. वीज आणि गॅस: इथे तडजोड नाही

- स्क्रीनला स्वतंत्र स्विच असलेला ६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट द्या. मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि स्क्रीन एकाच एक्स्टेन्शनवर नको.
- घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ओल्या हाताने विजेच्या वस्तूला स्पर्श होण्याची शक्यता असलेल्या खोलीत तो जीव वाचवतो. त्याच्यावरचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबा; दाबताच वीज गेली पाहिजे.
- २३० व्होल्टचा कोणताही भाग चौकटीच्या आत नको. अडॅप्टर कोरड्या जागी सॉकेटवर ठेवा आणि चौकटीत फक्त १२ किंवा ५ व्होल्टची वायर न्या.
- वायरला सॉकेटच्या खाली एक झोल ठेवा. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाच्या टोकाशी ठिबकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही.
- सिलिंडरच्या ट्रॉलीत किंवा ओट्याखालच्या बंद कपाटात एक्स्टेन्शन, अडॅप्टर, स्विच यांपैकी काहीही नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खाली साठतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो वर चढतो. त्या घरांत वरच्या बंद कपाटात अडॅप्टर कोंडू नका.
- गॅसचा वास आला तर स्क्रीन बंद करायलाही जाऊ नका. कोणताही स्विच चालू किंवा बंद करताना ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि एलपीजीच्या तातडीच्या १९०६ क्रमांकावर फोन करा.

भिंतीतली वायरिंग बदलायची असेल तर ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच द्या. तुम्ही स्वतः हात घालायचा तो अडॅप्टरच्या पुढच्या, कमी दाबाच्या भागातच.

रास्पबेरी पाय वापरणार असाल तर मोबाइलचा कोणताही चार्जर चालेल असं धरू नका. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला २७ वॅटचा पुरवठा लागतो. कमी पडला की तो मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि लोक दोष स्क्रीनला देतात. पाय ५ ला हेडफोनचं छिद्रही नाही. आवाज एचडीएमआय, यूएसबी किंवा ब्लूटूथनेच काढावा लागतो.

७. आवाज, वायफाय आणि हात

एक्झॉस्ट, चिमणी आणि नळ चालू असताना चौकटीतले छोटे स्पीकर ऐकू येत नाहीत. आवाज वाढवत नेण्यापेक्षा छोटा ब्लूटूथ स्पीकर कानाच्या उंचीवर, ओट्यापासून दूर फळीवर ठेवा. मिक्सर चालू असताना कोणताच स्पीकर पुरत नाही. तेवढ्यासाठी व्हिडिओ थांबवा.

मायक्रोवेव्ह चालू केल्यावर चित्र अडकत असेल, तर कारण सोपं आहे: तोही २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात काम करतो. राउटर जवळ असेल तर स्क्रीन ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायला जोडा. राउटर आणि स्क्रीन यांच्यामध्ये फ्रिज किंवा स्टीलची मांडणी येत असेल, तर स्क्रीन किंवा राउटर थोडा सरकवून बघा.

पिठाचे, ओले हात हा रोजचा प्रश्न आहे. टॅब असेल तर तो पातळ पारदर्शक झिप पिशवीत ठेवा. स्पर्श पिशवीतूनही चालतो. जाड काचेमागे टॅब बसवला तर स्पर्श चालत नाही, हे विसरू नका. पॅनेलच्या पर्यायात स्टिकचा रिमोट त्याच झिप पिशवीत घाला. बहुतेक स्वस्त कंट्रोलर बोर्ड स्टिकच्या रिमोटवरून चालू-बंद होत नाहीत, म्हणून स्क्रीनचा स्विच हाताशी येईल असा ठेवा.

८. ॲप, मुलं आणि खाजगीपणा

- ओटीटीचं चित्र अस्पष्ट दिसत असेल तर नेहमीच इंटरनेटचा दोष नसतो. यंत्राला वाइडव्हाइन या कॉपी-संरक्षणाचं ‘एल१’ प्रमाणपत्र नसेल, फक्त ‘एल३’ असेल, तर अनेक ओटीटी सेवा कमी दर्जाचंच चित्र देतात. स्टिक किंवा टॅब घेताना हे विचारा.
- ‘सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट’ म्हणून मिळणारे निनावी अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. अशा बॉक्सांत कारखान्यातूनच घुसवलेली घातक सॉफ्टवेअर सापडली आहेत आणि ती घरातल्या वायफायचा गैरवापर करतात.
- जुन्या टॅबला सुरक्षा अपडेट मिळत नसतील तर तो फॅक्टरी रीसेट करा, वेगळ्या ईमेल खात्यावर चालवा आणि राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायला जोडा. बँक, यूपीआय, ऑफिसचं ईमेल यांपैकी काहीही त्यावर ठेवू नका.
- कॅमेरा लागत नसेल तर त्यावर अपारदर्शक पट्टी लावा आणि माइकची परवानगी बंद करा. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही आपल्यासमोर कॅमेरा चालू आहे का, हे कळलं पाहिजे.
- मुलं नाश्ता तिथेच करत असतील तर यूट्यूबचा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा. टॅबवर एकच ॲप उघडं ठेवायचं असेल तर अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आणि आयपॅडमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ ही सोय आहे.

९. बहुतेकांचं इथे बिघडतं

- पॅनेलचा क्रमांक न बघता बोर्ड मागवणं.
- स्क्रीनवर थेट स्प्रे मारणं. द्रव कडेतून आत उतरतो. साबणाचं किंचित पाणी मायक्रोफायबर कापडावर घ्या, तेही स्क्रीन बंद असताना. स्पिरिट आणि अमोनियाचे क्लीनर पॅनेलवर नकोत.
- पायची वीज थेट स्विचने घालवणं. यामुळे मेमरी कार्डावरची माहिती बिघडते. आधी मेनूतून बंद करा, मग स्विच.
- टॅब चिकटवण्यासाठी साधा डबल टेप वापरणं. तेलकट टाइलवर तो उन्हाळ्यात सुटतो. पृष्ठभाग आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा आणि खालून आधार देणारी पट्टी लावाच.
- सगळं बंद करून झाल्यावर चाचणी घेणं. आधी टेबलावर, मग चौकटीत, मग भिंतीवर असा क्रम ठेवा.

१०. खरेदी करताना तुमचे हक्क

बिल घ्या. सुटे भाग विकणारे दुकानदार बऱ्याचदा ‘याचं बिल नसतं’ म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर पॅनेलचा क्रमांक आणि ‘याच पॅनेलसाठी बोर्ड’ एवढं लिहून घेतलंत, तर पुढचा वाद निम्मा मिटतो.

‘विकलेला माल परत नाही’ या शिक्क्याला घाबरू नका. माल सदोष असेल तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथाच ठरते. मात्र तुम्ही चुकीचा क्रमांक सांगितला किंवा जंपर चुकवला तर तो मालाचा दोष नव्हे.

ऑनलाइन घेतलं असेल तर: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार-निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. फुटलेल्या काचेच्या किंवा पॅनेलच्या तक्रारीत तोच पुरावा कामी येतो.

तक्रार कुठे कराल? पहिलं पाऊल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत २ वर्षांची आहे.

अडॅप्टरवरचा नोंदणी क्रमांक तपासा. अडॅप्टर आणि पॉवर बँक यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की नोंदणी खरी आहे की नाही ते कळतं. संपूर्ण जुळणीत आग लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असलेला भाग अडॅप्टर आहे. १०० रुपये तिथे वाचवू नका.

भाड्याचं घर असेल तर छिद्र पाडण्यापूर्वी घरमालकाची लेखी संमती घ्या. मोबाइलवरचा मेसेजही चालेल. नाहीतर ओट्यावर उभा राहणारा स्टँड किंवा कपाटाला अडकवायचा क्लँप वापरा. घर सोडताना डिपॉझिटमधून कापाकापीचं कारण राहणार नाही.

उरलेला लॅपटॉप आणि बॅटरी कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार लॅपटॉपसारख्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात दोन्ही द्या. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर पोचवा.

११. हिशेब, आणि कधी थांबायचं

पॅनेल हातात असेल तर मुख्य खर्च बोर्डाचा. तो साधारण दीड ते अडीच हजार रुपयांचा. त्यावर अडॅप्टर, काच, प्लाय, सुताराची मजुरी आणि टीव्ही स्टिक. विजेचं ओझं नगण्य आहे: पॅनेल, बोर्ड आणि स्टिक मिळून २० वॅट धरले आणि रोज ४ तास स्क्रीन चालली, तर महिन्याला २.४ युनिट होतात.

आता कागदावर बेरीज करा आणि हे तीन नियम लावा:

- एकूण खर्च ३२ इंची साध्या टीव्हीच्या निम्म्याहून पुढे जात असेल आणि पॅनेलही विकतच आणायचं असेल, तर तयार छोटी स्क्रीन घ्या.
- जुना टॅब चांगला चालत असेल आणि उपयोग पाककृती बघण्याचाच असेल, तर स्टँड आणि झिप पिशवी एवढ्यावर थांबा.
- सुरक्षित जागाच सापडत नसेल, तर स्क्रीन स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लावा आणि आवाज ब्लूटूथने आत आणा. छोट्या स्वयंपाकघरांसाठी अनेकदा हाच सर्वांत शहाणा निर्णय असतो.

बाकी सगळं ठरलं असेल, तर या आठवड्यात फक्त पांढरा कागद भिंतीला लावा. बोर्ड मागवायचा तो त्यानंतर.